जुन्या अमेरिकन कुकबुकमधल्या कुकीज पसरून पापड होतात, बार (ट्रेमध्ये भाजून कापायच्या वड्या) कापताना भुगा होतो. काय चुकतंय?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत सापडलेल्या कुकबुकवरून 'दोन कप मैदा, एक कप साखर, एक स्टिक बटर, एक अंडं' अगदी लिहिल्याप्रमाणे घेतलं, तरी कुकीजचे पापड झाले, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय तुमच्या वाटीवर आहे.

अमेरिकन कप म्हणजे साधारण 237 मिली. आपली आमटीची वाटी बहुतेक घरांत 150च्या आसपास भरते. सगळंच एका वाटीनं मोजलं असतं तर प्रमाण टिकलं असतं. पण बटर स्टिकमध्ये आणि अंडी नगावर! म्हणजे मैदा अडीचशे ग्रॅमच्या जागी दीडशे-एकशेसाठ पडला, साखरही कमी, आणि बटर-अंडं मात्र पूर्ण. ते पीठ पसरणार नाही तर काय करणार? माझ्याही पहिल्या दोन खेपा अशाच गेल्या. दुसऱ्या खेपेचा चुरा आम्ही आइस्क्रीमवर घालून संपवला, वाईट नव्हता.

सरळ वजनकाटा घ्या. एक कप मैदा सव्वाशे ग्रॅम, एक कप साखर दोनशे, एक स्टिक बटर 113. आपली 100 ग्रॅमची वडी घेतलीत तर वर एक मोठा चमचा बटर लागतं. बटर खारं असेल तर पाककृतीतलं मीठ वगळा.

दुसरं, आपली हवा. पुस्तक 'रूम टेंपरेचर'चं बटर सांगतं ते त्यांच्या खोलीतलं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलेलं बटर अर्ध्या तासात तेलकट होतं. फ्रिजमधून काढून बोट जेमतेम रुतेल इतपतच मऊ होऊ द्या, आणि गोळे करून अर्धा तास परत फ्रिजमध्ये. 'मॉडरेट ओव्हन' म्हणजे 350 ते 375 फॅरनहाइट, आपल्या ओटीजीवर (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनवर) 180 ते 190 सेल्सिअस. आधी दहा-पंधरा मिनिटं तापवायचाच.

लहानपणी आम्ही रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन नानकटाईसाठी बेकरीच्या भट्टीवर जायचो. तिथला कारागीर पीठ मुठीत दाबून बघायचा आणि 'मैदा आणा अजून' म्हणून परत पाठवायचा. त्याला कप-बिप ठाऊक नव्हते. मूठ उघडल्यावर गोळा तडकला नाही, हाताला तूप लागलं नाही, की झालं. बटरच्या कुकीजना ही परीक्षा जशीच्या तशी लागू होत नाही, पण हाताला चिकटणारं पीठ ओव्हनमध्ये घालू नये, एवढं नक्की.

ब्राऊन शुगर म्हणून आपल्याकडे बरेचदा कोरडी, दाणेदार डेमेरारा मिळते. त्यापेक्षा दोनशे ग्रॅम साखरेत मोठा चमचाभर काकवी चोळा. शॉर्टनिंग (बेकिंगसाठीची घट्ट, पांढरी चरबी) लिहिलं असेल तर वनस्पती तूप चालतं, पण मी बटरच घालते, टाळूला चिकटणारं ते तूप मला आवडत नाही.

बारची ट्रे पुस्तकात 9 बाय 13 इंचांची असते, लहान ओटीजीत ती मावतच नाही. आठ इंची चौकोनी डबा घ्या आणि सगळं निम्मं करा. भुगा होतो तो गरम असताना कापल्यामुळे. खजुराचे बार मी रात्री करते, डब्यासकट गार होऊ देते आणि सकाळी कापते. तोवर एक कोपरा कोणीतरी उचकटलेला असतोच.