निकामी केलेली बोफोर्स तोफ इंग्लंडहून वाईला आणता येईल का?

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानविरोधी तोफखान्यात होते. ते ज्या जातीच्या तोफेवर होते तशीच ४० मिलिमीटरची बोफोर्स एल-६० इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे आहे. ती निकामी केलेली असून बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा (शस्त्रं तपासून दाखला देणाऱ्या तिथल्या संस्थेचा) तसा दाखलाही आहे. मी निम्मे पैसे भरले आहेत. क्लिअरिंग एजंट म्हणतो, ‘यंत्राचे सुटे भाग’ दाखवून माल सोडवू. वाईच्या आमच्या वाड्यासमोर तोफ ठेवायची आहे. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि मोठी येईल. तोफ अजून तिकडेच आहे हे तुमचं नशीब. आजच विक्रेत्याला ईमेल करा : माझ्या लेखी होकाराशिवाय तोफ जहाजावर चढवू नका.

आपल्या शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘प्रतिबंधित शस्त्रां’ची व्याख्या आहे आणि तिच्यात विमानविरोधी तोफा चक्क नाव घेऊन घातल्या आहेत. कलम ७ प्रमाणे केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय असं शस्त्र बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ आणि कमाल १४ वर्षं कैद आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणारा बंदुकीचा परवाना इथे चालत नाही. नळी तिकडेच ठेवून नुसता चाकांचा गाडा आणावा म्हणाल, तर तोफ बसवायचे आणि वाहून न्यायचे गाडेही कलम २ मध्येच ‘अग्निशस्त्रां’त मोडतात.

तुमच्या बाजूची एकच वाट आहे : कलम ४५, खंड (क). जुन्या धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदाच लागू होत नाही. सगळी मेख ‘दुरुस्त करूनही’ या शब्दांत आहे. आज गोळा सुटत नाही एवढं पुरेसं नाही. चांगल्या कारखान्यात नेली तरी सुटणार नाही, हे तुम्हाला दाखवावं लागेल. प्रूफ हाउसचा दाखला ब्रिटिश कायद्यासाठी आहे. आपल्या अधिकाऱ्यांवर तो बंधनकारक नाही, पुरावा म्हणून मात्र मोलाचा आहे. त्यावरची तारीख आधी बघा. ब्रिटननं निकामी करण्याचे निकष १९९५ मध्ये कडक केले. दाखला त्याआधीचा असेल, तर शंका घेणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देणार नाही. नळी, ब्रीच (नळीचा मागचा, बंद होणारा भाग) आणि गोळा भरण्याची यंत्रणा यांत नेमकं काय कापलं, कुठे वेल्डिंग केलं, याचा फोटोंसह तपशील विक्रेत्याकडून मागवा.

‘पुरातन वस्तू’ म्हणून सोडवण्याचा विचारही नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे आणि महायुद्धातली तोफ त्यात अजून बसत नाही.

आता तुमच्या एजंटबद्दल. त्याचं ऐकू नका, हे मी कळकळीनं सांगतो. खोटं वर्णन देऊन आणलेला माल सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १११ खाली जप्त होतो, वर दंड आणि खटला. त्याहून वाईट म्हणजे कलम ४५ चा तुमचा खरा बचावच त्यानं मोडतो. निरुपद्रवी वस्तू होती तर लपवली कशाला, हा न्यायालयाचा पहिला प्रश्न असेल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसेल.

सरळ मार्ग वेळखाऊ आहे. तोफेचा तपशील, दाखल्याची प्रत आणि ती कुठे, कशी ठेवणार याची माहिती जोडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे अर्ज करा आणि त्याची प्रत साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्या. ही वस्तू कलम ४५ (क) मध्ये बसते का, एवढाच प्रश्न विचारा. आजोबांची सेवेची कागदपत्रं असतील तर तीही जोडा. कायद्यानं ती लागत नाहीत, पण तोफ कशासाठी हवी ते वाचणाऱ्याला कळतं. आयातीच्या परवान्याचं विदेश व्यापार महासंचालनालयाला वेगळं विचारावं लागेल.

उत्तर नकारार्थी आलं, तर तोफ तिकडच्याच एखाद्या संग्रहालयाला आजोबांच्या नावानं ठेवायला देता येते का ते पाहू. विक्रीच्या पावतीवरच्या अटी मला पाठवा. आगाऊ रक्कम परत मिळेल की नाही ते त्यावरच ठरेल. गृह मंत्रालयाचं लेखी उत्तर हाती येईपर्यंत उरलेले पैसे मात्र पाठवू नका.