‘सिस्टर सुई मारतली हां!’

“मॅडम, हॉस्पिटलचो गेट दिसलो की ह्यो थयच आडवो पडता.” देवगडकडच्या एका आईचं हे वाक्य. मालवण-वेंगुर्ल्याकडूनही हीच तक्रार येते, आणि पावसाळ्यात ताप-खोकल्याचे दिवस सुरू झाले की जरा जास्तच येते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा साडेचार वर्षांचा. त्याला इथे बाळू म्हणू. वडील ट्रॉलरवर, घरात आई आणि आजी. श्रावणात तीन दिवस ताप आणि खोकला झाला म्हणून दवाखान्यात नेलं. सिस्टरने स्टेथोस्कोप नुसता हातात घेतला आणि याने आकांत मांडला. दोघांनी हातपाय धरले, तशातच श्वास मोजला. मिनिटाला ५२. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास ४० किंवा त्याहून जास्त भरला तर तो जलद धरतात आणि न्यूमोनियाची शंका घेतात. पण रडताना, चढत्या तापात हा आकडा कुठल्याही मुलाचा वाढतो. त्या सिस्टर शहाण्या. दोन तास थांबवून घेतलं, बाळू आईच्या खांद्यावर झोपला तेव्हा सदरा वर करून पूर्ण मिनिटभर पुन्हा मोजला. ३२.

आईला काळजी होती ती भीतीची आणि गावात होणाऱ्या शोभेची. मला तो ५२ जास्त महत्त्वाचा वाटला. घाबरलेल्या मुलाची नाडी खोटी, श्वास खोटा, पोट कडक लागतं ते दुखण्यामुळे की आवळून धरल्यामुळे तेही कळत नाही. मुलाची भीती घालवणं हे लाडाचं काम नाही, तो तपासणीचाच भाग आहे.

मग आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. पहिल्या दोन भेटींत बाळू आईच्या मांडीवरून उतरला नाही, त्याला उतरवलंही नाही. समोर पेटी उघडी ठेवली होती: कापडी बाहुला, जुना स्टेथोस्कोप, पट्ट्या, चिकटपट्टी, सुई काढलेली सिरिंज. तिसऱ्या भेटीत तो आपणहून खाली उतरला, सिरिंज उचलली आणि बाहुल्याला टोचत सुटला. दंडाला, पोटाला, डोक्याला.

“ह्येका काय झाला?” मी विचारलं. “ताप इलो?”

मान हलवली. नाही.

“मग सुई कित्याक?”

“ह्येणा पेज सांडल्यान.”

आईचा हात पदराशी थबकला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, “आमीच सांगतो त्येका. सांडलंस तर सिस्टर सुई मारतली हां. सासूबाय सांगतत, मीयाव सांगतंय.”

घरोघरी हेच चालतं आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या मनात आजार आणि शिक्षा या दोन गोष्टी आधीच एकमेकींत गुंतलेल्या असतात. आपल्या हातून काहीतरी चुकलं म्हणून दुखतंय, असं त्याला खरोखर वाटतं. त्यात आपण सुईची धमकी घातली की सिस्टर त्याच्या लेखी पोलीस होते. बाळू सुईला घाबरत नव्हता. सांडलेल्या पेजेचा हिशोब द्यायला आपल्याला नेतात, असं त्याला वाटत होतं.

मी मुलाकडे बघताना त्याच्या जवळच्या माणसापासून सुरुवात करते. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दाखवून दिलं की इस्पितळात आईपासून तोडलेलं मूल शांत झालं म्हणजे रुळलं असं नव्हे, कित्येकदा त्याने आशा सोडलेली असते. १९५९ साली तिथल्या प्लॅट समितीने आईवडिलांना मुलाजवळ थांबू द्यावं अशी शिफारस केली. आपल्याकडे मांडीवरचं मूल ओढून टेबलावर आडवं करण्याची घाई अजून दिसते.

बाळूच्या घरी पहिला नियम धमकी बंद, आजीनेसुद्धा. दुसरा, “दुखणार नाही” असं सांगायचं नाही. “टोचेल, पाच मोजेपर्यंत दुखेल, मी धरून बसेन” असं सांगायचं. कधी सांगायचं हेही वयावर असतं. दोन वर्षांच्या मुलाला अगदी आयत्या वेळी, चार-पाच वर्षांच्याला त्याच दिवशी, शाळकरी मुलाला एक-दोन दिवस आधी. बाळूच्या वयात “रक्त काढणार” हे शब्द टाळा. सगळंच रक्त निघून जाईल असं त्यांना वाटतं. टोचल्यावर लावलेली छोटी चिकटपट्टी म्हणूनच त्यांना इतकी मोलाची वाटते: भोक बुजलं!

“लस घ्यायची ना?” असंही विचारू नका. तो नाही म्हणाला तर ते तुम्हाला पाळता येणार नाही. “उजवा दंड की डावा?” हे विचारा.

तान्ह्या बाळाचं वेगळं. ते झोपेत असतानाच छातीचे ठोके आणि श्वास मोजून घ्यावेत, वजन आणि बाकी हाताळणी मागाहून. लस देताना अंगावर पाजत ठेवलं तर दुखणं कमी जाणवतं. लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यात नाही, तिथून मोठी नस जाते. सात-आठ महिन्यांनंतर परक्याची भीती सुरू होते. तिथून तीन वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यात अवघड, आणि तेव्हा सगळी तपासणी मांडीवरच व्हावी. आधी लांबून नुसतं बघायचं, मग श्वास, मग स्टेथोस्कोप, मग पोट. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण एकदा रडू फुटलं की पुढचं काही मिळत नाही. शाळकरी मुलाला कारण सांगा, यंत्र हाताळू द्या. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, त्या वयातल्या मुला-मुलींना तपासताना आडोसा हवा, आणि थोडा वेळ आईवडिलांशिवाय बोलायची सोय हवी.

एक मात्र ध्यानात ठेवा. छाती आत ओढली जाते, पाणी पीत नाही, झटका आला, हाक मारून जागं होत नाही, यांपैकी काहीही असेल तर भीती-बिती बाजूला ठेवून तसंच उचलून न्या. एरवी मूल झोपेत असताना आईने घरी पूर्ण मिनिटभर त्याचा श्वास मोजावा आणि आकडा सिस्टरला सांगावा. बाळूची आई आता मोबाइलचं घड्याळ लावून मोजते.

पाच वर्षांची लस त्याने आईच्या मांडीवर उभ्या पाठीने बसून घेतली, डावा दंड स्वतः निवडून. रडला, आठपर्यंत मोजावं लागलं. घसा अजून दाखवत नाही. जीभ लांब बाहेर काढून ‘आ’ केलं तर बहुतेकदा जीभ दाबायची पट्टी तोंडात घालावी लागत नाही, म्हणून आरशासमोर त्याचा सराव चालू आहे, आजीसकट.