बोलतो तर सगळं, मग शाळेत का अडतं?

फोंड्याजवळच्या गावातली एक आई मुलाला घेऊन आली, आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, घरी हा बोलतो सगळं, मग वर्गात मूग गिळून का बसतो? मुद्दाम करतो का?" मुलगा दहा वर्षांचा. दीड वर्षापूर्वी स्कूटरवर मागे बसलेला, हेल्मेट नाही, पडला, चार दिवस शुद्ध नव्हती.

मी मोबाईलवर चतुर्थीच्या माटोळीचा, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीचा, फोटो दाखवला. नारळ, केळी पटापट. आंबाड्याच्या फळावर बोट ठेवलं तर "ते... हुमणात घालतात ते, आंबट". हुमण म्हणजे माशांची आमटी. म्हणजे वस्तू माहीत, चव माहीत, नाव तेवढं सापडत नाही. चतुर्थीला काय काय केलं सांग म्हटलं तर "मग ते आणलं, मग आम्ही गेलो, मग त्यांनी ते लावलं", कोण कुठं गेलं काही पत्ता लागेना. आई वैतागून "डोकं खाऊ नको रे" म्हणाली तर हा अगदी गंभीरपणे, "मी कुठं खाल्लं?"

मुद्दाम नाही हो हे. जोराच्या मारात मेंदू कवटीत हिसका खातो, कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग जास्त सोसतो, आतले बारीक तंतू ताणले जातात, आणि सीटी स्कॅनमध्ये ते दिसेलच असं नाही. साधं बोलणं बऱ्याचदा लवकर परत येतं, मागे राहतं ते शब्द शोधणं, गोष्ट क्रमाने सांगणं, थट्टा कळणं. तिसरीत ते खपून गेलं, पाचवीत लांब धडे आणि शाब्दिक उदाहरणं आली तेव्हा उघडं पडलं, आणि सगळे म्हणायला लागले पोरगं आळशी झालं.

घरची कोंकणी बंद करून फक्त मराठी बोलू का, असंही तिने विचारलं. अजिबात नको.

आधी कान तपासायला सांगितले, डोक्याच्या मारात ऐकणंही कमी होतं कधी कधी. मग स्पीच थेरपिस्ट. शाळेला चिठ्ठी दिली, एका वेळी एकच सूचना द्या आणि उत्तराला थांबा. 2016च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेची अडचण धरलेली आहे, तेव्हा परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर सर्टिफिकेटचं विचारून ठेवा म्हटलं. आईला एवढंच, की प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजायचे, मधे शब्द पुरवायचा नाही. हेच तिला सगळ्यात जड गेलं.

मागच्या खेपेला ती ओढणीखाली बोटं मोजत होती, मला दिसलं. आठव्या बोटाला तो म्हणाला, "तोरिंजन", माटोळीतलंच एक फळ. आंबाडा अजून हुमणातच आहे.