वाचकांचे प्रश्न : स्पर्धा आणि युद्धकला

प्रश्न : आमचे गुरू म्हणतात, स्पर्धा आली की युद्धकलेचा खेळ होतो आणि कला मरते. म्हणून ते आम्हाला स्पर्धेत उतरू देत नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धे बरोबर आहे. स्पर्धेत कलेचा काही भाग गळतो, यात शंका नाही. पण स्पर्धेपासून दूर ठेवलेली कला त्याहून लवकर पोकळ होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. जोडीदार रोज ठरलेला वार करतो, ठरल्या जागी थांबतो, डाव लागण्याआधीच पडायला तयार असतो. मग वार हळूहळू हातभर अलीकडेच थांबू लागतो. मनगट धरल्यावर समोरचा हात झटकून पाहतच नाही. असा शिकलेला विद्यार्थी पुढे गुरू होतो, आणि दोन पिढ्यांत डावाचे फक्त नाव उरते.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदोची शाळा काढली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले प्रहार आणि घातक डाव त्यांनी ‘काता’मध्ये, म्हणजे ठरवून केलेल्या जोडसरावात ठेवले. उरलेल्या फेकी आणि पकडी पूर्ण जोराने खेळायला मोकळ्या केल्या. वरवर पाहता कला आटली. प्रत्यक्षात मात्र पडायला तयार नसलेल्या माणसाला रोज पाडून पाहता येऊ लागले. जपानी तलवारबाजीत हेच काम शिनाईने, म्हणजे बांबूच्या सरावाच्या तलवारीने, आणि चिलखताने अठराव्या शतकात केले होते.

गळतीचे उदाहरणही ज्यूदोतच सापडते. आंतरराष्ट्रीय नियमांनी २०१० मध्ये थेट पाय पकडण्यावर बंधन घातले आणि २०१३ पासून उभ्या लढतीत पायांना हात लावणेच बंद केले. दोन्ही पाय उचलून पाडण्याचा ‘मोरोते-गारी’ हा डाव ज्यूदोच्या डावांच्या यादीत आहे, पण फक्त स्पर्धेसाठी तयार झालेल्या खेळाडूला तो येत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याचा बचावही येत नाही. पाय धरले जाण्याची भीती नसल्याने उभे राहण्याची पद्धतच बदलते. तुमच्या गुरूंची भीती इथे खरी ठरते.

प्रश्न : आमच्या तलवारबाजीच्या गटाला पहिली अंतर्गत स्पर्धा घ्यायची आहे. नियम कसे करावेत?

उत्तर : हातातल्या सरावाच्या हत्याराला काय समजायचे, ते आधी ठरवा. धारदार तलवार समजणार असाल तर पहिला प्रश्न दुहेरी माराचा. दोघे एकाच क्षणी एकमेकांना लागले तर खरी तलवार दोघांनाही मारते. नुसते ‘गुण नाही’ म्हटले तर खेळाडू बेधडक पुढे घुसू लागतात, कारण त्यात त्यांचे काही जात नाही. त्यापेक्षा दुहेरी मार मोजा आणि तीन झाले की दोघांचीही लढत हरलेली धरा. पहिल्या दिवशी कुरकुर होईल, पण बचाव परत येईल.

दुसरा नियम उत्तरवाराचा. मार खाल्लेल्याला एका पावलापुरता वेळ द्या. तेवढ्यात त्याने परत वार लावला तर पहिल्याचा गुण कमी करा. तरच मारल्यावर झाकून मागे सरण्याची सवय टिकते. केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, याच सावधपणाला ‘झानशिन’ म्हणतात. गुण मिळाल्यावर मूठ उंचावून आनंद दाखवला तर तो गुण रद्द होतो. आम्हाला हा त्यांचा सर्वांत शहाणा नियम वाटतो.

गुण डोक्याला ३, धडाला २, हातापायाला १ ठेवा. सगळीकडे सारखे ठेवले तर सगळे फक्त पुढे आलेल्या मनगटावर टपून बसतील, कारण ते सर्वांत जवळचे आणि कमी धोक्याचे लक्ष्य आहे. आठ मीटरचा चौकोन पुरतो. त्याहून लहान असेल तर लढणारे रेघेवर अडकतात. पंच तीन, हातात लाल-पांढरी निशाणे, दोघांचे एकमत हवे. फेन्सिंगचा मुखवटा डोक्याची मागची बाजू झाकत नाही, तिथे वेगळे आवरण लावा. सर्वांत आधी दुखावतात ती बोटे, म्हणून पातळ हातमोज्यांवर कुणालाही उतरू देऊ नका.

प्रश्न : गुणांसाठी यंत्र वापरले तर पंचांचा पक्षपात संपेल ना?

उत्तर : पक्षपात कमी होतो, पण खेळाडू यंत्राला खेळू लागतात. तायक्वांदोत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून संवेदक असलेले छातीचे कवच आले. पाय नुसता टेकवूनही गुण मिळतो हे कळल्यावर पुढचा पाय उचलून धरायचा आणि त्यानेच टोचत राहायचे, ही रीत पसरली. गिरकी घेऊन मारलेल्या लाथा धोक्याच्या म्हणून मागे पडल्या. उपाय गुणांतूनच करावा लागला : पॅरिस २०२४ मध्ये धडावरच्या साध्या लाथेला २, तर गिरकीच्या लाथेला ४ गुण होते.

प्रश्न : स्पर्धेची तयारी आणि जुने डाव, दोन्हींसाठी वेळ कसा वाटावा?

उत्तर : दीड तासाच्या वर्गात पंचवीस मिनिटे नियमाबाहेरच्या डावांना राखून ठेवा. स्पर्धेआधीचे चार आठवडे ती दहावर आणा, शून्यावर कधीच नाही. हे डाव निम्म्या वेगाने करा, मात्र जोडीदाराने खरा विरोध करायचा. वेग कमी आणि विरोधही नाही, असे झाले की पुन्हा नाटक सुरू होते. आठवड्यातली एक फेरी नियम बदलून खेळवा. ज्यूदो असेल तर पाय धरायला मोकळीक द्या, तायक्वांदो असेल तर डोक्यावर हाताने हलका ठोसा चालू द्या. ज्येष्ठांनीच आधी खेळावे, मुलांना सांध्यांचे डाव देऊ नयेत.

आणि एक वही ठेवा. शैलीतल्या प्रत्येक डावापुढे, विरोध करणाऱ्या जोडीदारावर तो लावू शकणाऱ्यांची नावे लिहा. वर्षातून एकदा सगळ्यांना करायला लावून तपासा. ज्या डावापुढे दोनच नावे उरली असतील, त्यापासून पुढच्या आठवड्याचा वर्ग सुरू करा.