अ‍ॅक्सेसची फाईल नेमकी गेली कुठे?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोसायटीच्या सभासदांची यादी अ‍ॅक्सेसमधे (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेसचा, म्हणजे माहिती तक्त्यांमधे साठवायचा प्रोग्राम) भरली, सेव्ह कुठे करायचं ते सापडलं नाही म्हणून तसंच बंद केलं, आता फाईल मिळत नाहीये आणि मुलाने मेलवर पाठवलेली जुनी कॉपी उघडली तर त्यात काही लिहिता येत नाहीये.

आधी फाईल. वर्ड-एक्सेलमधे आपण आधी टाईप करतो नि मग नाव देतो, अ‍ॅक्सेसमधे बरोब्बर उलटं. ब्लँक डेटाबेस निवडलं की एका चौकटीत Database1 की काहीतरी नाव आधीच घातलेलं असतं, आपण घाईघाईत क्रिएट दाबतो आणि त्याच क्षणी फाईल डिस्कवर तयार झालेली असते, बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधे. त्यामुळे तिथे बघा, नाहीतर सर्चमधे *.accdb टाका (अ‍ॅक्सेसच्या फाईलच्या नावाची शेवटची अक्षरं ती), सापडेल. पुढच्या वेळी त्या नावाशेजारचं फोल्डरचं चित्र दाबून जागा नि नाव स्वतः ठरवायचं, एवढं केलं तरी अर्धा त्रास वाचतो.

आता सेव्हचं. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलात की आधीची ओळ आपोआप लिहिली जाते. टाईप करताना ओळीच्या डाव्या टोकाला बारीक पेन्सिल दिसते ना, ती गेली म्हणजे ओळ सेव्ह झाली. पण (हा पण फार महाग आहे!) नवीन फाईलमधलं Table1 हे टेबल (ज्या तक्त्यात तुम्ही यादी भरलीत तो) तुम्ही अजून नावाने सेव्ह केलेलं नसेल आणि बंद करताना "डिझाईनमधले बदल सेव्ह करू का" असं विचारल्यावर "मी कुठे डिझाईन बदललं" म्हणून नो दाबलंत, तर अख्खं टेबल जातं, आतल्या नोंदींसकट. मी वाचनालयाची दीडेकशे पुस्तकं अशीच घालवली होती, रात्री साडेअकराला, नंतर अर्धा तास नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो. तुम्ही नेमकं काय दाबलंत ते आठवून बघा. फाईल मिळाली पण आत टेबलच नाही असं असेल तर हेच झालंय, पुन्हा भरावं लागेल, सॉरी.

मेलवरची कॉपी झिप (दाबून बांधलेलं फाईलचं गाठोडं) असणार. झिपच्या आतूनच डबलक्लिक केलं की ती रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडते. आधी एक्स्ट्रॅक्ट करून, म्हणजे झिपमधून बाहेर काढून, साध्या फोल्डरमधे ठेवा, मग उघडा. वर पिवळी पट्टी आली तर घाबरू नका, फाईल मुलाचीच आहे ना, मग एनेबल कंटेंट दाबा. अनोळखी माणसाची असेल तर मात्र नाही हं.

फाईल उघडी असताना शेजारी .laccdb अशी एक पिटुकली फाईल दिसेल, ती डिलीट करत बसू नका, कोणी आत आहे याची ती खूण आहे, नीट बंद केलं की आपली आपण जाते. ती दिसत असताना पेनड्राईव्ह उपटायचा नाही.

आणि फाईल .mdb असेल तर ती २००७ च्या आधीच्या पद्धतीची, नव्या अ‍ॅक्सेसमधे बहुतेक उघडते, फक्त अ‍ॅक्सेस ९७ ची असेल तर २०१३ पासूनचं व्हर्जन नाही म्हणतं, २०१० किंवा त्याआधीचं असलेला पीसी शोधून कन्व्हर्ट करून आणावी लागते. तुमची कुठली आहे, शेवटची अक्षरं बघून सांगा.