वाचक विचारतात : कौल आणि कूरदाक एकाच भांड्यात

प्रश्न : आम्ही मूळचे म्हापशाचे, पण गेली अकरा वर्षे कार्डिफला राहतो. मुलगा किर्गिझस्तानात, बिश्केकला, वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तो सुट्टीत घरी आला असताना वेल्श कौल (मांस-भाज्यांचा रस्सा) आणि किर्गिझ कूरदाक (परतलेले मांस) यांचा मेळ घालून गोमांसाचा दमदार रस्सा करावा असे ठरवले. मांस, कांदे, लीक (कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी), गाजरे, बटाटे आणि दोन मोठे चमचे जिरे पाण्यात घालून दीड तास खळखळून उकळले. मांस चिवट राहिले, लीकचा लगदा झाला, रस्सा पाणचट झाला आणि त्याला जिऱ्याखेरीज कसलाच वास नव्हता. मांस आधी परतायला हवे होते, असे मुलगा म्हणतो. कौलात परतत नाहीत, असे आमच्या शेजारीणबाई म्हणतात. खरे कोणाचे? — एक वाचक, कार्डिफ

उत्तर : दोघांचेही खरे आहे आणि अडचणही तिथेच आहे. (आपल्याकडे कौल देवाला लावतात, वेल्समध्ये तो चुलीवर चढवतात, निवाडा मात्र दोन्हीकडे सावकाश मिळतो.) कौल हा मुळात स्वच्छ पाण्यात मंदपणे शिजणारा रस्सा आहे. पूर्वी बऱ्याच घरांत आधी नुसता रस्सा वाडग्यात घेऊन लाकडी चमच्याने पीत आणि मांस व भाज्या नंतर वेगळ्या वाढत. कूरदाकात याउलट रस्सा जवळजवळ नसतोच. ओतीव लोखंडाच्या कझानमध्ये, म्हणजे खोलगट कढईत, मांस चरबीवर खरपूस परतायचे आणि त्यात भरपूर कांदा घालायचा. किर्गिझ स्वयंपाकात कौलाचा खरा भाऊ शोभेल तो शोर्पो, म्हणजे तिकडचा मांसाचा पातळ रस्सा. तरीही तुम्हाला कूरदाकच हवा असेल तर सुरुवात कूरदाकाची आणि शेवट कौलाचा करावा, असे माझे मत आहे. त्यात रस्सा नितळ राहणार नाही, पण मांसाला जी चव येईल तिच्यासाठी तेवढे सोडून द्यायला हरकत नाही.

सहा जणांसाठी पायाच्या नळीजवळचे हाडासकट मांस १ किलो घ्यावे आणि त्याचे चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे फडक्याने अगदी कोरडे करावेत, कारण ओले मांस परतले न जाता स्वतःच्याच वाफेत शिजते. किर्गिझ लोक यासाठी मेंढीच्या शेपटीची चरबी वापरतात. तुम्ही खाटकाकडून गोमांसाची ६० ग्रॅम चरबी मागून घ्या. जाड बुडाच्या भांड्यात ती वितळली की तुकडे तीन हप्त्यांत घालावेत. तुकडा आधी बुडाला चिकटतो. तेव्हा उलथण्याने ओढू नये. तीन-चार मिनिटांत खालची बाजू तपकिरी झाली की तो आपणहून सुटतो. मग मांस बाजूला काढून तीन मोठे कांदे उभे चिरून थोड्या मिठाबरोबर त्याच भांड्यात घालावेत, म्हणजे कांद्याला सुटलेल्या पाण्याने बुडाशी धरलेली खरपुडी निघून येते. जिरे अर्धा लहान चमचा पुरे. किर्गिझ स्वयंपाक मसाल्यांच्या बाबतीत फार हात राखून असतो. तुमचे दोन मोठे चमचे हे आपल्या हाताला लागलेले वळण आहे.

आता मांस परत घालून दोन लिटर गरम पाणी ओतावे आणि कडेला एखाददुसरा बुडबुडा येत राहील एवढ्याच आचेवर दोन तास ठेवावे. तुमचे मांस चिवट राहणे आणि रस्सा पाणचट होणे ही दोन दुखणी दिसत असली तरी कारण एकच आहे. या भागातील मांसात कोलॅजनचे धागे पुष्कळ असतात. ते सावकाश विरघळून त्यांचे जिलेटिन होते, तेव्हाच मांस मऊ पडते आणि त्याच जिलेटिनने रस्सा ओठांना किंचित चिकटेल इतका दाट होतो. दीड तासात हे काम अर्धेच झाले होते, आणि खळखळ उकळल्याने तंतू मात्र आवळले गेले. (मुलाला सांगा, ३,०१६ मीटर उंचीवरील सोंग-कोल सरोवराकाठी पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते, तिथे भांडे याहूनही जास्त वेळ चुलीवर राहते.) मक्याचे पीठ लावून रस्सा दाट करण्याच्या भानगडीत पडू नये.

दोन तासांनंतर स्वीड हा पिवळसर कंद ३०० ग्रॅम, तेवढीच गाजरे आणि लीकचा पांढरा भाग घालावा, वीस मिनिटांनी अर्धा किलो बटाटे मोठ्या फोडी करून घालावेत. एक बटाटा मात्र बारीक चिरावा, तो विरघळून रश्शात मिळून येतो. लीकची हिरवी पात, थरांमधली माती धुऊन, शेवटच्या पाच मिनिटांतच घालावी. मग ती किर्गिझ जुसाईची, म्हणजे लसणाच्या वासाच्या चपट्या पातीची, जागा बऱ्यापैकी घेते.

सोबत केअरफिली चीज आणि पाव, किंवा बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले छोटे तुकडे, यांपैकी एकच ठेवावे. मुलाने कुरुत, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या खारट गोळ्या आणल्या असतील तर एखादी वाडग्यात कुस्करावी, पण मग रश्शात मीठ बेताने घालावे. निम्मा रस्सा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. वेल्शमध्ये अशा पुन्हा तापवलेल्या कौलाला ‘कौल ऐल्ड्विम’ असे खास नाव आहे, आणि गार झाल्यावर वर थिजलेली जास्तीची चरबी चमच्याने सहज काढता येते.

प्रश्न : महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे. हा रस्सा मटणाचा केला तर चालेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य चालेल. आजच्या वेल्समध्ये कौल बहुधा कोकराच्या मांसाचाच असतो आणि किर्गिझ लोकांनाही मेंढीचे मांस प्रिय आहे. भाज्या घालण्याआधी दोन तासांऐवजी सव्वा तास पुरेल, पण नळ्या टाकून देऊ नयेत. स्वीडऐवजी सलगम किंवा नवलकोल घ्यावा. लीक मिळाले नाही तर पातीच्या कांद्याबरोबर मूठभर लसणाची पात घालावी. जुसाईच्या चवीला ती लीकपेक्षाही जवळची आहे.