वाचक विचारतात : डॅम्पिंग रिंगमध्ये दुप्पट गर्दी

जपानमध्ये उभारण्याचा प्रस्ताव असलेल्या आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरचा (आयएलसी), म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित जोडीदार) यांच्या झोतांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा, तांत्रिक आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या डॅम्पिंग रिंगबद्दल, म्हणजे विस्कटलेला कणझोत टकरीआधी आवळून बारीक करणाऱ्या वर्तुळाकार यंत्राबद्दल, आलेले हे प्रश्न.

प्रश्न : रिंगमधले कणांचे पुंजके १३१२ वरून २६२५ करायची सोय आराखड्यात आहे म्हणतात. बोगदा तोच, चुंबक तेच. मग नुसते जास्त कण भरले की झालं ना?

इलेक्ट्रॉनच्या रिंगचं बरंचसं भागतं, पॉझिट्रॉनच्या रिंगचं नाही.

आधी विजेचा हिशेब. रिंगचा परीघ सुमारे ३.२ किलोमीटर, ऊर्जा ५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. एका पुंजक्यात दोन हजार कोटी कण, त्यामुळे १३१२ पुंजक्यांचा प्रवाह सुमारे ३९० मिलिअँपिअर होतो. दर फेरीला प्रत्येक कण ४.५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा प्रकाशरूपाने गमावतो. ती भरून काढायला पावणेदोन मेगावॉट आरएफ (रेडिओ-लहरींची) शक्ती लागते, पुंजके दुप्पट केले की साडेतीन. हे पैशाचं काम आहे, पण होण्यासारखं आहे.

खरी अडचण पुंजक्यांमधल्या अंतराची. ते ६.१५ नॅनोसेकंदांवरून जवळपास ३.१ वर येतं. कणांनी सोडलेला प्रकाश नळीच्या भिंतीवर आदळतो आणि इलेक्ट्रॉन उडवतो. पॉझिट्रॉनचा धनभारित पुंजका त्यांना खेचतो, ते वेगाने समोरच्या भिंतीवर आपटतात आणि आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. सहा नॅनोसेकंदांत त्यातले बरेच भिंतीत जिरतात. तीनमध्ये पुढचा पुंजका येऊन ठेपलेला असतो. अशा सुट्या इलेक्ट्रॉनांचा ढग एका मर्यादेपलीकडे दाटला की पुंजक्याचं डोकं ढगाला हलवतं, ढग शेपटीला हलवतो आणि झोताचा कमावलेला उभ्या दिशेतला बारीकपणा हातचा जातो.

उपाय जागेप्रमाणे बदलतो. चुंबक नसलेल्या सरळ भागात नळीवर तार गुंडाळून काही दशक गॉसचं चुंबकीय क्षेत्र दिलं की इलेक्ट्रॉन भिंतीजवळच गिरक्या घेत राहतात. वळणाच्या चुंबकात ही युक्ती चालत नाही, कारण तिथे इलेक्ट्रॉन चुंबकाच्याच क्षेत्ररेषांना बांधलेले असतात. म्हणून नळीच्या वरच्या-खालच्या पृष्ठावर खाचा पाडायच्या आणि टायटॅनियम नायट्राइडचा लेप द्यायचा. प्रकाश भिंतीवर पडण्याआधीच बाजूला काढून घ्यायला नळीला जोडकप्पा असतो.

विग्लरमध्ये, म्हणजे झोताला नागमोडी हलवून मुद्दाम प्रकाश सोडायला लावणाऱ्या चुंबकांमध्ये, परिस्थिती सर्वांत वाईट, कारण प्रकाशाचा मारा तिथे भरपूर. तिथे नळीच्या तळावर धन विद्युतभाराची पट्टी बसवतात. केईके या जपानी प्रयोगशाळेने विकसित केलेली पट्टी अशी : ०.२ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनाचा थर आणि त्यावर ०.१ मिलिमीटर टंगस्टन, दोन्ही फवारून चढवलेले. जाड पट्टी वेगळी ठोकली तर तिच्याखाली फट राहते, झोताने तापलेली उष्णता नळीत उतरत नाही आणि पट्टी भाजते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या सेसर रिंगवर २००८ पासून हे सगळे उपाय तपासले गेले.

एवढं करूनही ढग आटोक्यात आला नाही तर? म्हणून बोगद्यात तिसऱ्या रिंगची जागा राखलेली आहे : पॉझिट्रॉन दोन रिंगांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकीत अंतर पुन्हा सहा नॅनोसेकंद. आमच्या मते आराखड्यातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. मात्र नुसती जागा सोडून भागत नाही. आधाराचे ब्रॅकेट, पाण्याच्या लाइनी आणि केबल-ट्रे पहिल्याच खेपेला तिसरी रिंग धरून आखले नाहीत, तर ती जागा इतर सामानाने भरून जाते.

प्रश्न : सेकंदाला ५ ऐवजी १० वेळा झोत सोडायचा तर विग्लर का बदलावे लागतात?

बदलत नाहीत, त्यांचं क्षेत्र वाढवतात. आवळण्याचा कालांक, म्हणजे त्याचा वेग सांगणारा ठरावीक काळ, २४ मिलिसेकंद आहे आणि प्रत्येक कालांकात झोताचा एमिटन्स (विस्कटलेपणाचं माप) सुमारे ७.४ पटींनी घटतो. सेकंदाला ५ वेळा झोत सोडताना २०० मिलिसेकंद मिळतात, तेव्हा घट पावणेदोन कोटी पटींच्या घरात जाते. गरज काही लाख पटींची असते, म्हणजे सोय ऐसपैस. १० वेळा सोडताना मिळणाऱ्या १०० मिलिसेकंदांत तीच घट चार हजार पटींवर अडकते. म्हणून ५४ विग्लरचं क्षेत्र १.५ वरून २.१६ टेस्लावर न्यायचं. दर फेरीचा ऊर्जाव्यय ८.४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट होतो, कालांक १३ मिलिसेकंदांवर येतो आणि घट पुन्हा ४९ लाखांच्या आसपास पोचते. किंमत मोजावी लागते ती आरएफ व्होल्टेजमध्ये आणि विग्लरमागच्या प्रकाश-शोषकांच्या थंडाव्यात.

प्रश्न : इंदूरच्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन रिंगमध्येही झोत असाच आवळला जातो का?

हो, भौतिकी तीच. पण २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या त्या १७२ मीटर रिंगेत झोत तासन्‌तास फिरतो, त्यामुळे आवळायची घाई नसते. डॅम्पिंग रिंगला दर स्पंदाला सगळा झोत बाहेर काढून नवा भरावा लागतो, तोही एकेक पुंजका शेजाऱ्यांना धक्का न लावता. जपानच्या एटीएफ या चाचणी रिंगमध्ये ५.६ नॅनोसेकंद अंतरावरचे ३० पुंजके ३०८ नॅनोसेकंदांच्या अंतराने असे बाहेर काढून दाखवले आहेत. ३.१ नॅनोसेकंदांसाठी किकरचा (पुंजका बाहेर ढकलणाऱ्या उपकरणाचा) स्पंद याहून बराच अरुंद लागेल, आणि त्याची शेपूट लांबली तर मागचा पुंजका हलतो.